जुन्या टर्बो इंजिनाची फेरबांधणी

मराठवाड्यातील माणसाला इंजिन ही काही नवलाची वस्तू नाही. शिवारात वीज पोचण्यापूर्वी विहिरीवर ऑईल इंजिन धडधडत असे. त्याचे जड चक्र हँडलने फिरविणे, वेग येताच झडप सोडणे, आणि नुसत्या आवाजावरून त्याची प्रकृती ओळखणे, ही विद्या घरोघरी होती. आज तिची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. उन्हाळ्यात बोअर पाडणारी गाडी गावात येते, तेव्हा तिच्या कॉम्प्रेसरच्या डिझेल इंजिनावर टर्बो बसविलेला असतो. लातूर-नांदेड रस्त्याने अहमदपुरावरून रात्रंदिवस जाणाऱ्या मालमोटारींच्या इंजिनांवरही तो असतो. तरीही टर्बो म्हणजे नेमके काय, असे विचारल्यास 'त्याने गाडी जोरात पळते' यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि या अपुरेपणाची किंमत जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला कधी कधी एका संपूर्ण इंजिनाइतकी पडते. म्हणून हा विषय मुळापासून मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, येथील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ साली सुरू झाला आणि तेथे 'ऑक्टाव्हिया' ही मोटार जुळविली जाऊ लागली. २००४ साली याच गाडीचा 'आर. एस.' हा वेगवान प्रकार भारतात विक्रीस आला. त्याचे इंजिन पेट्रोलवर चालणारे, चार सिलिंडरांचे, १७८१ घन सेंटिमीटरचे, आणि टर्बो बसविलेले. शक्ती १५० अश्वशक्ती. त्या काळी आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य मोटारींची शक्ती याच्या निम्म्याच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे हौशी लोकांना या गाडीचे एवढे वेड का लागले ते समजते. पुढे पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेली फियाट लिनियाची 'टी-जेट' ही १.४ लिटरची टर्बो गाडी २०१० साली आली. परंतु मराठवाड्याच्या भूमीवर जुळविलेले वेगवान टर्बो पेट्रोल इंजिन म्हणून ऑक्टाव्हियाचाच मान पहिला. त्या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या. त्यांची इंजिने झिजली. आणि म्हणूनच 'हे इंजिन पुन्हा कसे बांधावे आणि कसे जुळवावे' हा प्रश्न आज खरोखरीचा प्रश्न झाला आहे.

इंजिनाचा श्वास

चुलीत सरपण कितीही घातले तरी फुंकर नसेल तर धूर होतो, जाळ होत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल वाढविणे सोपे आहे. अडचण असते ती हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. साधे इंजिन ही हवा पिस्टन खाली जाताना ओढून घेते. म्हणजे सिलिंडरात जेवढी जागा तेवढीच हवा, आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडी कमी. शक्ती वाढवायची तर एकतर इंजिन मोठे करावे, किंवा त्याला जोराने फिरवावे, किंवा मग हवाच दाबून आत भरावी. तिसरा मार्ग म्हणजे टर्बो.

टर्बोत एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर सायलेन्सरकडे जाताना एका पंख्याला फिरवितो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून दाबतो आणि इंजिनात ढकलतो. जी ऊष्णता वाऱ्यावर जात होती, तिच्यातूनच हे काम करून घेतले जाते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९२५ मध्ये, त्याला डिझेल इंजिनाची शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवून दाखविता आली. दरम्यान, १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे 'लिबर्टी' इंजिन पाईक्स पीक या चौदा हजार फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन चालविले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बो लावताच ते ३५६ वर गेले. शक्ती हवेत आहे, लोखंडात नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल 'जेटफायर' आणि शेव्हरोले 'कॉर्व्हेअर' या गाड्यांवर तो बसविला गेला. जेटफायरची कथा बोधप्रद आहे. तिच्या इंजिनात दाबलेल्या हवेने फार उष्णता होऊन इंजिन ठोकू लागे. म्हणून पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण आत फवारण्याची योजना होती. ती टाकी मालकाने वेळोवेळी भरावयाची. मालक ती भरावयास विसरत. दोन वर्षांतच ती गाडी बंद पडली. टर्बोचा खरा शत्रू कोण, हे तेव्हाच ठरून गेले होते: तो म्हणजे ताप.

ताप आणि ठोका

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव सर्वांचा आहे. हवा दाबली की ती तापते. आता आपल्या मे महिन्यातील दुपार घ्या. बाहेरची हवा ४० अंश सेल्सिअस आहे. टर्बोने ती दीडपट दाबली, तर ती सुमारे ९५ अंशांवर जाते. दुप्पट दाबली, तर १३५ अंशांच्या पुढे. तापलेली हवा पातळ होते, म्हणजे दाब दीडपट झाला तरी हवेचे वजन दीडपट होत नाही. ते सव्वापटीच्या थोडे वर राहते. ही तूट भरून काढण्यासाठी टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये 'इंटरकूलर' नावाची जाळी असते. समोरून येणाऱ्या वाऱ्याने ती हवा निववते. तीच हवा ५५ अंशांपर्यंत निवविली, तर वजन १.४ पटींच्या वर जाते. हिशेब साधा आहे, पण पुढील सगळ्या गोष्टी याच हिशेबावर उभ्या आहेत.

सिलिंडरात ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शांतपणे सरकत गेली पाहिजे. आतील मिश्रण आधीच फार तापलेले असेल, तर ज्योत पोचण्यापूर्वीच शिल्लक राहिलेला भाग एकदम भडकतो. हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. त्याला मिस्त्री लोक 'इंजिन ठोकते' म्हणतात. पिस्टन हा ॲल्युमिनियमचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. जळणाऱ्या वायूचे तापमान मात्र दोन हजार अंशांच्या पलीकडे असते. पिस्टन जिवंत राहतो तो त्याच्या पृष्ठभागावर असलेल्या निवांत वायूच्या पातळ थरामुळे आणि मागून मिळणाऱ्या तेलामुळे. ठोका पडू लागला की तो थर फाटतो. मग रिंगांमधला पिस्टनचा काठ तुटतो, किंवा माथ्याला भोक पडते. साध्या इंजिनात ठोका ही कुरकुर आहे. टर्बोच्या इंजिनात तो घाला आहे.

उघडण्यापूर्वी

जुने इंजिन हाती आले की ते लगेच खोलण्याचा मोह होतो. तो आवरावा. रोग्याची नाडी पाहिल्यावाचून शस्त्र चालवू नये.

प्रथम धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे. गरम इंजिनातून सतत पांढरी वाफ येत असेल, तर पाणी सिलिंडरात शिरते आहे. बराच वेळ मंद चालवून एकदम गती दिली असता निळा लोट आला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर किंवा टर्बोवर घ्यावा. सतत येत असेल, तर रिंगांवर.

नंतर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून, हवेची झडप पूर्ण उघडी ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यावा. आकड्यापेक्षा चौघांतील सारखेपणा महत्त्वाचा. तीन सिलिंडर ११ बार दाखवीत असतील आणि चौथा ७, तर त्या चौथ्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष व्हॉल्व्हचा अथवा हेड गॅसकेटचा. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे सिलिंडरात बाहेरून हवा भरून ती कोठून निसटते हे ऐकणे. तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर धुराचा व्हॉल्व्ह, रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅसकेट. एवढी परीक्षा अर्ध्या दिवसात होते, आणि पुष्कळदा असे निघते की, इंजिन शाबूत असून हवेची एखादी रबरी नळी चिरली आहे. या ऑक्टाव्हियाच्या इंजिनात अशा नळ्यांचे जाळे मोठे आहे. प्रत्येक प्लगवर बसणारे इग्निशन कॉइलही जुने झाले की दगा देतात. दोनशे रुपयांच्या नळीसाठी लाख रुपयांचे इंजिन खोलणे, हे शहाणपणाचे नव्हे.

माप आणि अंदाज

इंजिन खोलणे खरोखरच आवश्यक ठरले, तर पहिला नियम स्वच्छतेचा आणि दुसरा क्रमाचा. कोणता भाग कोठून निघाला, कोणत्या तोंडाने बसला होता, याची खूण करावी. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी असते. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. तळची तेलाची टाकी काढल्यावर तेल ओढणाऱ्या नळीची जाळी आवर्जून पाहावी. टर्बोच्या तापाने तेल करपते, त्याचा काळा चिकट गाळ होतो आणि तो या जाळीवर बसतो. याच घराण्यातील इंजिनांत हा दोष जगभर प्रसिद्ध आहे. जाळी बुजली की तेल वर चढत नाही; आणि तेल बंद झालेले इंजिन काही क्षणांतच बेअरिंगे खाऊन टाकते. किती इंजिने 'खराब मालाची' म्हणून बदनाम होतात आणि त्यांचे मरण प्रत्यक्षात एका बुजलेल्या जाळीत असते!

यानंतर येते मोजमाप, आणि येथेच आपल्याकडील कारागिरीची खरी कसोटी आहे. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात ट्रॅक्टर आणि मालमोटारींची इंजिने बांधणारे हात उत्तम आहेत. बोटाने चाचपून क्रँकचा खरखरीतपणा सांगणारे मिस्त्री येथे आहेत. परंतु ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेते आणि पुष्कळ काही सोसते. हे इंजिन आपली पूर्ण शक्ती ५७०० फेऱ्यांवर देते. त्या वेगाला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ९५ वेळा खाली जाऊन वर येतो. येथे बोटाचा अंदाज पुरत नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागते.

सिलिंडरचा मूळ व्यास ८१ मिलिमीटर आहे. तो वर, मध्ये आणि खाली, अशा तीन ठिकाणी व प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजावा. झीज सर्वांत जास्त वरच्या टोकाला असते, कारण तेथे ताप अधिक आणि तेल कमी. सिलिंडर निमुळता किंवा अंडाकृती झाला असेल, तर नुसत्या नव्या रिंगा घालून उपयोग नाही. बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टनच घालावे लागतात. त्यात क्रम असा, की पिस्टन आधी हाती घ्यावेत, ते मोजावेत आणि त्यांच्या मापाने सिलिंडर कापावा. आधी सिलिंडर कापून मग पिस्टन शोधत फिरणे म्हणजे आधी अंगरखा शिवून मग माणूस शोधण्यासारखे आहे. बोअरिंगनंतर होनिंगच्या दगडाने भिंतीवर तिरप्या आडव्या-उभ्या रेघा पाडतात. त्या शोभेसाठी नव्हेत. त्यांत तेल टिकते आणि रिंगा बसतात.

रिंगेच्या दोन टोकांमधील फट हे टर्बोच्या इंजिनातील एक मर्मस्थान. ८१ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा घेर सुमारे २५४ मिलिमीटर. ही रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा शंभर अंश अधिक तापली, तर तिचा घेर पाव मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. फट तेवढी नसेल, तर दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनचा काठ उपटून काढते. साध्या इंजिनाच्या मापाने ठेवलेली फट टर्बोच्या इंजिनात अपुरी पडू शकते, ती यामुळे. म्हणून प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरात घालून फीलर गेजने फट मोजावी आणि कंपनीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावी.

क्रँकच्या बेअरिंगांचेही तसेच. तेथे धातू धातूला लागत नाही. मध्ये तेलाचा थर असतो. त्याची जागा एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावयाची, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. ही जागा जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. कमी झाली तर थर तुटतो. हेडचे फेसिंग करताना सपाटी आल्यावर थांबावे. गरजेपेक्षा अधिक घासले, की ज्वलनाची जागा लहान होते, दाब वाढतो आणि ठोक्याला आमंत्रण मिळते. या इंजिनाच्या हेडमध्ये सिलिंडरमागे पाच, असे वीस व्हॉल्व्ह आहेत: तीन हवेचे, दोन धुराचे. प्रत्येकाची बैठक घासून, पेट्रोल ओतून गळती पाहावी. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आवळताना ताणले जातात. ते एकदाच वापरावयाचे असतात. ते नवे घ्यावेत आणि टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या क्रमानेच आवळावेत.

टायमिंगचा पट्टा बदलताना त्याचा ताणयंत्र आणि रोलरही बदलावेत. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो. तोही त्याच वेळी नवा घालावा. हा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होते आणि सगळी मेहनत एका क्षणात मातीमोल होते.

टर्बोची प्रकृती

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. दीड लाख धरले, तर सेकंदाला अडीच हजार. एका टोकाला नऊशे अंशांच्या घरातील धूर आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. मध्ये दांडा तेलावर तरंगतो. तेलाची नळी अरुंद असते. तीत करपलेला गाळ साठला असेल, तर नवा टर्बोही जुन्याच्या वाटेने जाईल. म्हणून टर्बो बदलताना तेलाची नळी बदलणे ही काटकसर करण्याची जागा नव्हे. तेल परत जाण्याचा मार्गही मोकळा असावा. तो तुंबला की तेल सीलमधून धुराच्या वाटेला लागते. टर्बोचा आतील गाभा अत्यंत सूक्ष्म तोलाचा असतो. तो गल्लीतल्या गॅरेजात खोलून बसविण्यापेक्षा तोललेला पूर्ण गाभा आणणे बरे.

चालविणाऱ्याचे कर्तव्यही येथेच सांगून ठेवतो. जोराने धावून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नये. पंखा तापलेला असताना तेल थांबले, तर ते जागीच करपते. शेवटचा मैल सावकाश चालवावा, किंवा मिनिटभर इंजिन मंद चालू द्यावे. ही सवय फुकट आहे आणि तिने टर्बोचे आयुष्य वाढते.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे धूळ. हे इंजिन पूर्ण वेगाने चालते तेव्हा टर्बोचा जोर न धरताही मिनिटाला सुमारे पाच हजार लिटर हवा घेते. काळ्या रानातील कच्च्या रस्त्याची धूळ त्या हवेबरोबर येते. फिल्टरच्या डब्याची कड नीट बसली नाही, तर ती धूळ तेलात मिसळून पॉलिश-कागदाचे काम करते. दिखाऊ उघडे फिल्टर लावून इंजिनाच्या खोलीतील गरम व धुळकट हवा त्याला पाजणे, यात सुधारणा कोणतीच नाही.

पहिली सुरुवात आणि जुळवणी

बांधलेले इंजिन प्रथम चालू करताना ठिणगी आणि पेट्रोल बंद ठेवून स्टार्टरने फिरवावे, तेलाचा दाब येऊ द्यावा, मगच ते पेटवावे. पहिले काही शे किलोमीटर टर्बोचा जोर घेऊ नये. पण एकाच संथ गतीनेही चालवू नये. भार थोडा वाढवीत, थोडा सोडीत न्यावे, म्हणजे रिंगा भिंतीशी नीट बसतात. नंतर तेल व फिल्टर बदलावा, आणि जुने तेल गाळून त्यात धातूची चकाकी आहे का ते पाहावे.

आता जुळवणी. या गाडीत एक लहानसा संगणक हवेचे वजन, धुरातील प्राणवायू आणि ठोक्याचा कंप यांची नोंद घेतो आणि त्यावरून पेट्रोल, ठिणगीची वेळ आणि टर्बोचा दाब ठरवितो. शहरात हे आकडे बदलून देणारे लोक आहेत. बोलीत त्याला 'चिप टाकणे' म्हणतात. दाब वाढतो, गाडी उसळते आणि मालक खूष होतो. हे इतके सोपे असेल, तर कंपनीनेच का केले नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर कंपनीच्याच घरात आहे. याच घराण्यातील इंजिन युरोपात ऑडी गाड्यांमधून २२५ अश्वशक्ती देत होते. पण त्यासाठी टर्बो मोठा होता, पेट्रोलचे फवारे मोठे होते, इंटरकूलर दोन होते, कनेक्टिंग रॉड अधिक भक्कम होते आणि कॉम्प्रेशन कमी ठेवले होते. म्हणजे त्यांनी आकडा वाढविला नाही. हाड वाढविले आणि मग आकडा आपोआप वाढला.

जुळवणी करावयाचीच असेल, तर तिची पद्धत अशी असावी. आधी कंपनीच्या मूळ आकड्यांवर इंजिन निर्दोष चालते हे सिद्ध करावे. मग दाब थोडा थोडा वाढवावा, आणि प्रत्येक पायरीला ठोक्यामुळे संगणक ठिणगी किती मागे खेचतो, मिश्रण पातळ तर होत नाही ना, इंटरकूलरनंतरची हवा किती तापते, हे पाहावे. संगणक ठिणगी मागे खेचू लागला, की ते इंजिनाचे 'पुरे' असे समजावे. ही परीक्षा डिसेंबरच्या पहाटे घेऊ नये. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के पातळ आणि ठोक्याला कितीतरी अनुकूल असते. पहाटे जुळविलेली गाडी मे महिन्यात घाटात भरली गेली, की तिचा खरा हिशेब लागतो.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल आपल्या भागातील उसाचेच अपत्य आहे, आणि ठोका रोखण्याचा गुण त्यात पेट्रोलपेक्षा अधिक आहे. परंतु एक किलो इथेनॉलला हवा लागते अवघी ९ किलो. त्यामुळे मिश्र इंधनाचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला नऊ टक्के इंधन जास्त द्यावे लागते. फवारे किंवा पंप थकलेले असतील, तर पूर्ण जोरात मिश्रण पातळ पडते आणि ठोका रोखणारे इंधन असूनही इंजिन तापते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबराला नरम करते. वीस वर्षांच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आणि सील फेरबांधणीतच बदलून घ्यावेत. इंजिनाच्या खोलीत पेट्रोल झिरपणे हा नुसत्या दुरुस्तीचा विषय नव्हे.

शेवटी दोन गोष्टी कायद्याच्या आणि जिवाच्या. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. इंजिन मूळ मापात बांधणे ही दुरुस्ती आहे. त्याचे स्वरूप बदलणे हा फेरफार आहे. ही सीमारेषा मालकाने ओळखावी. दुसरी गोष्ट, वाढलेली शक्ती रस्त्यावर उतरते ती टायरांवरून आणि थांबते ती ब्रेकांनी. आपल्या रस्त्यावर बैलगाडी, उसाचा ट्रॅक्टर, शाळेतून परतणारी मुले आणि ही मोटार, सर्वांची वाट एकच आहे. ज्याने इंजिनावर खर्च केला आणि ब्रेक जुनेच ठेवले, त्याने स्वतःच्या पैशाने दुसऱ्याचा धोका विकत घेतला.

तेव्हा खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवू: प्रथम परीक्षा, मग तेल, पाणी व रबर, मग ब्रेक आणि टायर, त्यानंतर, मापे तसे सांगत असतील तरच, पिस्टन व बेअरिंगे, आणि सर्वांत शेवटी दाब. या क्रमाने गेलेल्या पुष्कळांना असे आढळेल, की शेवटच्या पायरीची गरजच उरली नाही. नीट श्वास घेणारे, नीट निवणारे, मूळ मापात बांधलेले १५० अश्वशक्तीचे इंजिन आपल्या रस्त्यांना पुरून उरते. जो मिस्त्री हातातील मायक्रोमीटरवर विश्वास ठेवतो आणि गिऱ्हाइकाला 'येथवरच, पुढे नाही' असे सांगू शकतो, तो लहान गावात बसूनही हे काम मोठ्या शहराच्या तोडीने करू शकेल. अशा कारागिराला त्याच्या मापाचे दाम देणे, हे आपल्या हाती आहे.